महांतप्पांचे घारे डोळे

चेअरमनसाहेब, तुम्ही मेलेल्या बापाच्या डोळ्यांत काळा रंग ओतलात. भर दिवसा, शाळेच्या हॉलमध्ये, शिडी लावून ओतवलात, आणि खाली उतरलेल्या पेंटरला चहा पाजलात. सगळ्या गावानं ते पाहिलं. कुणी बोललं नाही, कारण गावाला तुमच्या सोसायटीचं खत लागतं, पोरांना तुमची शाळा लागते, आणि मोटारीला रस्ता सोडून कडेला उभं राहायची सवय गावाला निजामापासून आहे. गाडीत कोण बसलंय ते गाव बघत नाही. तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर त्याचीही पाटी करून कुठल्यातरी भिंतीवर ठोकाल.

त्यापेक्षा तुमच्या बापाला डोळे कुणी दिले होते, ते ऐका.

नळदुर्गच्या बाजारात, हैदराबादच्या रस्त्याकडं तोंड करून चाँदपाशाचा फोटो स्टुडिओ होता. पुढं चाँदपाशा, त्याचा तीन पायांचा कॅमेरा आणि भिंतीवर रंगवलेलं तळं. आतल्या खोलीत खिडकीशी त्याची बायको सकिनाबी. गिऱ्हाइकाला वाटायचं, फोटो चाँदपाशा काढतो. चाँदपाशा नुसता रबरी गोळा दाबायचा. माणूस उभा करायची ती सकिनाबी. काचेवर उमटलेल्या चेहऱ्यावरचे देवीचे वण ती टोकदार पेन्सिलीनं भरून काढायची, सुरकुत्या बुजवायची, बसलेली गालफडं वर आणायची. मग कागदावर फोटो उतरला की कापसाच्या बोळ्यानं त्यावर पातळ रंग चढवायची. ओठाला गुलाबी, लुगड्याला हिरवा, दागिन्याला पिवळा.

हात जितका नाजूक तितकी जीभ खरखरीत. गिऱ्हाइकांविषयी तिच्या मनात काडीचा आदर नव्हता.

"गोरं करा म्हणतंय," चाँदपाशा पडद्याआडून सांगायचा.

"कोण?"

"ट्रकवाला."

"अजी, त्याला म्हणावं, दगडी कोळसा धुऊन आण, मी रंगवून देते."

सगळ्यांना गोरं व्हायचं असे. तुळजापूरचा एक पुजारी पोट कमी करून मागायचा आणि गळ्यातली साखळी वाढवून. ती दोन्ही करून द्यायची आणि वर म्हणायची, "देवीच्या दारात बसतो अन् मागतो माझ्याजवळ." खोटेपणा हा तिचा धंदाच होता, आणि तिला त्याची लाज नव्हती. फक्त एका गोष्टीत ती खोटं करत नसे. ती गोष्ट म्हणजे डोळे.

त्या भागात लिंगायतांची घरं पुष्कळ. त्यांच्यात माणूस गेला की आडवा नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळभर विभूती लावतात, हार घालतात, आणि तसाच बसता मातीत ठेवतात. त्या बसलेल्या माणसाचा फोटो काढून ठेवायची रीत पडली होती. कितीकांचा तर जन्मातला पहिला फोटो तोच. चाँदपाशा निरोप आला की कॅमेरा सायकलला बांधून निघायचा. मग त्या फोटोतून नाकातला कापूस काढायचा, मागून मान सावरून धरलेला कुणाचा तरी हात पुसायचा, गालांत रक्त भरायचं आणि मिटलेल्या पापण्यांवर डोळे उघडायचे, हे सकिनाबीचं काम. भिंतीवर लागलेला आजोबा नातवंडांकडं बघतोय असं वाटलं पाहिजे.

आणि त्यासाठी तिची अट होती. रक्ताचं, तशाच डोळ्यांचं माणूस समोर आणून बसवा. मुलगा, बहीण, नातू, कुणीही. त्याच्याकडं बघून ती डोळे काढायची. "मनानं डोळे काढले की माणसाचा कॅलेंडरातला देव होतो," ती म्हणायची. "देव पाहिजे असला तर जत्रेत घ्या."

नळदुर्गपासून थोड्या अंतरावरच्या गावात म्हातारे महांतप्पा वारले. करडीच्या तेलाचा घाणा, अडत, जमीन, सगळं होतं. शेवटची कैक वर्षं मोतीबिंदूनं दोन्ही डोळे पांढरे पडले होते. त्यांचे खरे डोळे कसे होते हे गावातल्या तरुणांना ठाऊकच नव्हतं. त्यांचा मुलगा म्हणजे आपले चेअरमनसाहेब. निजामाच्या वेळी काळी शेरवानी घालून तहसीलदाराला वाकून सलाम करणारा, आणि आता खादी घालून तहसीलदाराकडून सलाम घेणारा. कापड बदललं आणि कंबर सरळ झाली, एवढाच काय तो फरक. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती. बापाच्या नावानं हायस्कूल काढलं होतं, आणि त्याच्या हॉलात, मातीच्या दिवशी चाँदपाशानं काढलेल्या फोटोवरून केलेली, बापाची मोठी रंगीत तसबीर लागायची होती.

साहेब स्वतः स्टुडिओत आले. चाँदपाशानं खुर्ची पुसली. ती स्वच्छच होती, तरी पुसली.

"रुमाल काढून टाका डोक्याचा," साहेब म्हणाले. "पांढरी टोपी चढवा."

"जी मालक."

"रंग जरा उजळ. अन् चेहऱ्यावर तेज पाहिजे. त्यागी माणसाचं असतंय तसं."

आतून आवाज आला, "डोळे कुणाचे घ्यायचे?"

"माझे घ्या की. मी मुलगा हाय."

सकिनाबीनं पडद्याची फट करून त्यांच्याकडं बघितलं. काळे, गोल, बाहेर आलेले डोळे. तिनं ते बघून तसबिरीत उतरवले. टोपी तर घातलीच. टोपीला काय, ती कुणाच्याही डोक्यावर बसते. पण मुलं आईवरही जातात, म्हणून रंग चढवायच्या आधी तिनं हट्ट धरला की घरातल्या म्हाताऱ्या बाईला एकदा दाखवणार. साहेबांना घाई होती. "दाखवा," म्हणाले, आणि जीपमध्ये बसले.

बुरखा घालून, कागदात गुंडाळलेली तसबीर छातीशी धरून ती एसटीनं त्या गावाला गेली. महांतप्पांची बायको शिवम्मा माजघरात बसली होती. पाठीत वाकलेली, पण नजर शाबूत. तिनं तसबीर मांडीवर घेतली, उजेडाकडं धरली, आणि तोंडाला पदर लावला. सकिनाबीला वाटलं रडतेय. म्हातारी हसत होती.

"अगं, हा माझा भाऊ बसलाय की गं!"

"काय म्हणता अव्वा?"

"डोळे माझ्या माहेरचे हायत हे. माझ्या भावाचे, माझे, माझ्या पोराचे. नवऱ्याच्या जागी भाऊ बसवलास माझा. विभूती बी लावलीस वर!"

मग हसू ओसरलं. तिनं बोटानं तसबिरीच्या पापण्या चाचपल्या.

"त्यांचे घारे होते. घाण्यातनं ताजं तेल निघतंय न्हवं करडीचं, उन्हात धरलं तर दिसतंय, तसा रंग. आंधळे व्हायच्या आधी मी किती भ्यायची त्या डोळ्यांना. आता एकदा बघावं वाटतंय."

"मग घरात कुणाचे हायत तसे? नातवाचे?"

"एकाचे न्हाईत. सगळे माझ्यावर गेले."

"बिनबघता मी काढणार न्हाय. काढले तर मांजर होईल त्याचं."

शिवम्मानं दाराकडं बघितलं. बाहेर कोणीतरी धान्य पाखडत होतं. मग तिनं तसबीर परत कागदात गुंडाळली आणि म्हणाली, "घाण्याकडं जा. कडेला दोन खोल्या हायत. शांताक्का म्हण. मी पाठवलं म्हणू नको."

थोड्या वेळानं परत म्हणाली, "म्हण. मी पाठवलं म्हण."

शांताक्का कोण हे गावात सांगावं लागत नव्हतं आणि कुणी सांगतही नव्हतं. तिची आई नागूबाई घाण्यावर कामाला होती. महांतप्पांनी तिला त्या दोन खोल्या दिल्या, तोंडानं दिल्या, आणि दृष्टी होती तोवर दिवसाढवळ्या तिथं जाऊन जेवले. नागूबाई गेली. शांताक्का तिथंच राहिली, गावातल्या बायकांच्या चोळ्या शिवत. म्हातारा मातीत गेल्याबरोबर साहेबांना आठवलं की शाळेच्या मैदानाला फाटक पाहिजे, आणि फाटकाच्या जागी नेमक्या या दोन खोल्या येतात. त्यांनी पंचायतीत सांगितलं, "कुण्या मोलकरणीची पोरगी हाय. आमचा तिचा संबंध न्हाय. अतिक्रमण हाय ते." सरपंच रेवणप्पानं मान हलवली. त्याची मान साहेबांच्या बाजूनंच हलते. पण थोडी लाज शिल्लक असावी, म्हणून शांताक्काला म्हणाला, "नातं दाखव, घर ठेव."

नातं काय, डब्यात भरून ठेवलेलं असतं, काढून दाखवायला?

सकिनाबी दारात उभी राहिली तेव्हा शांताक्का मशीनवर बसली होती. मान वर केली, आणि सकिनाबी बघतच राहिली. आयुष्यभर तिनं लोकांचे डोळे पाहिले होते, पण असे नाही. उन्हात धरलेलं तेल, म्हातारी म्हणाली ते खरं होतं. कडेला हिरवट, मध्ये सोनेरी, आणि बघणं असं की समोरच्याचा खिसा, पोट आणि मन एकदम दिसावं.

"चोळी शिवायची हाय का?"

"न्हाय. तुमी बसायचं हाय. दारात, उजेडाकडं तोंड करून." सकिनाबीनं तसबीर उघडली.

शांताक्कानं बापाचा चेहरा बघितला, वरची पांढरी टोपी बघितली आणि तिचं तोंड वाकडं झालं. "हे काय घातलंय डोक्यावर?"

"ते मुलानं घातलंय. माझ्याकडं बघू नका."

"मी कशाला बसू, बीबी? ते म्हणतात मी कुणीच न्हाय. मातीला गेले तर हाकलून दिलं मला. बेलाचं पान हातातलं हातात राहिलं."

"मला तुमच्या भांडणाचं काय करायचंय? मला डोळे पाहिजेत. शिवम्मानं पाठवलंय."

मशीनचं चाक शांताक्कानं हातानं थांबवलं. "मोठ्या अव्वानं?"

"व्हय."

शांताक्का उठली. बसली. परत उठली. मग हळूच विचारलं, "हे कुठं लावणार?"

"शाळेत. मोठ्या भिंतीला."

"म्हंजे लोक बघतील."

"आंधळे सोडून सगळे बघतील."

शांताक्कानं पाट दारात ओढला, पदर नीट केला आणि ताठ बसली. सकिनाबीनं रंगाच्या पुड्या काढल्या, पाण्यात भिजवल्या, आधी काढलेले काळे डोळे ब्लेडच्या टोकानं खरवडून पुसले. खरवडताना तिला बरं वाटलं, हे तिनं नंतर चाँदपाशाला सांगितलं. त्या दोघी दुपारभर बसल्या. एकमेकींशी फारसं बोलल्या नाहीत. मध्ये एकदा सकिनाबी म्हणाली, "हलू नका." शांताक्का म्हणाली, "मी हलत न्हाय, पाणी येतंय." सकिनाबीनं ब्रश खाली ठेवला, पाणी थांबू दिलं, परत उचलला.

हे तिनं न्यायासाठी केलं, असं कुणी म्हणू नये. तिला न्यायबिय काही ठाऊक नव्हतं. खोटा डोळा तिला बघवत नव्हता, बस.

चाँदपाशानं तसबीर पाहिली आणि कपाळाला हात लावला. "हे कुणाचे?"

"ज्याचे हायत त्याचे."

"मालकानं त्याचे काढायला सांगितलं होतं!"

"मालकाच्या बापाचे काढलेत. बापापेक्षा मोठा झाला काय तो?"

"धंदा बंद पडेल, सकिना."

"पडू द्या. मग घ्या सायकल अन् विका अंडी. अंड्याला डोळे नसतात."

चाँदपाशा साहेबांना आधी दाखवायला निघाला होता. पण साहेबांना बापाकडं बघायला वेळ नव्हता. मंडप, हारतुरे, मोठ्या पाहुण्यांची गाडी कुठवर आली याची चौकशी. त्यांचा कारकून रामलिंग आला, गुंडाळलेली तसबीर घेऊन गेला, काचेत बसवली, भिंतीला लावली, वरून जरीचा पडदा सोडला. फुलांच्या माळा किती लावायच्या एवढंच त्यानं विचारलं होतं.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. भाषणं झाली. त्याग या शब्दाचा पार भुगा झाला. पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला, आणि महांतप्पांनी गावाकडं बघितलं.

आधी कुणी टाळीही वाजवली नाही. मग म्हाताऱ्या माणसांत कुजबुज उठली. "तेच रे, तेच, असाच बघायचा." मागं बायका बसल्या होत्या. तिथून कुणीतरी मोठ्यानं बोललं, "अगं बया, ही तर शांताक्का!" आणि सगळ्या हॉलनं मान वळवली. शांताक्का शेवटच्या ओळीत खांबाला टेकून बसली होती. तिनं पदर पुढं ओढला नाही. खाली बघितलं नाही. भिंतीवर एक जोडी आणि खांबाशी एक जोडी, आणि मध्ये अख्खं गाव मान इकडून तिकडं फिरवत बसलेलं.

पाहुण्यांना यातलं काही कळलं नाही. ते साहेबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा! डोळे काय पाणीदार आहेत वडलांचे! तुमच्यात नाही बुवा उतरले."

साहेब हसले. दात सगळे दिसले, हसू कुठं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी जीप स्टुडिओसमोर उभी राहिली. या वेळी चाँदपाशाला खुर्ची पुसायला सुचलं नाही.

"कुणी सांगितलं होतं घारे करायला?"

चाँदपाशा भिंतीवरच्या तळ्याकडं बघत उभा राहिला. पडदा सरकला आणि सकिनाबी बाहेर आली. परक्या पुरुषासमोर ती अशी कधी आली नव्हती.

"मी केले. काय चुकलं?"

"काळे कर. आजच्या आज."

"करते की. काळ्या डोळ्यांचं माणूस आणा, म्हाताऱ्याच्या रक्ताचं. बघून काढते."

"मीच हाय की समोर!"

"तुमचे डोळे अव्वाच्या माहेरचे. तुमच्या मामाची तसबीर लावायची असली तर लावा, पैसे बी घेणार न्हाय."

"तोंड सांभाळ. कुठं राहतीस ते ध्यानात ठेव. रझाकारांचे दिवस गेले आता."

सकिनाबीनं त्यांना पायापासून टोपीपर्यंत बघितलं. फोटोत काय बुजवायचं, काय राखायचं, हे ती असंच बघायची. "त्या दिवसांत तुमचे फोटो ह्याच स्टुडिओनं काढलेत मालक. काचा हायत आत. शेरवानी लई छान बसली होती अंगाला. रंगवून देऊ?"

जीप गेली. चाँदपाशा जमिनीवर बसला. ती आत जाऊन कुणाच्यातरी लग्नाच्या फोटोला कुंकू लावायला लागली, पण ते दोनदा पुसावं लागलं, हेही खरं.

मग साहेबांनी दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर आणला. त्यानं शिडी लावली, काच काढली, आणि ज्या रंगानं 'उधार बंद' लिहितात त्या जाड काळ्या रंगानं महांतप्पांचे डोळे भरले. माणसाचे डोळे राहिले नाहीत, कोटाची बटणं झाली. रंगाचा एक ओघळ गालावर उतरला, तो त्यानं अंगठ्यानं पुसला, त्याचा डाग राहिला. पोरं प्रार्थनेला उभी राहिली की वर बघून हसायला लागली. मास्तर छड्या मारतात आणि स्वतःही मान खाली घालून हसतात.

असा बाप भिंतीला लावून, त्याच हॉलमध्ये, साहेबांनी पंचायत बसवली. शांताक्काच्या खोल्या पाडायचा ठराव होता. रेवणप्पानं घसा साफ केला. "बाई, तुला मुदत दिली होती. नातं दाखव म्हणालो होतो. काय हाय तुझ्याजवळ?"

"काय होतं ते त्या भिंतीवर होतं, सरपंच. तुमी सगळ्यांनी बघितलं."

"तिथं आता काय बी न्हाय," साहेब म्हणाले.

"तुमीच पुसलं."

"चित्रकाराची चूक होती, दुरुस्त केली. चित्रावरनं घरं मिळायला लागली तर उद्या सगळं गाव रंगवून घेईल." चार-दोन जण हसले. त्यांना खत पाहिजे होतं.

तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली. शिवम्मा आली होती. नवऱ्याला मातीला नेलं तेव्हाही उंबऱ्याबाहेर न आलेली बाई काठी टेकत हॉलभर चालत आली. तिनं भिंतीकडं बघितलं. काळी बटणं बघितली, गालावरचा डाग बघितला. बायकांत जाऊन शांताक्काची हनुवटी धरली आणि तिचं तोंड खिडकीच्या उजेडाकडं वळवलं.

"रेवणप्पा, तुला नातं बघायचं होतं न्हवं? ये, बघ. जवळ ये. तुझा बाप घाण्यावर हमाल होता, त्यानं हे डोळे रोज बघितलेत. तू बी ल्हान असताना बघितलेत."

रेवणप्पा उठला नाही. मान मात्र ह्या वेळी कुठंच हलली नाही.

"मोठी अव्वा, जाऊ द्या," शांताक्का पुटपुटली.

"तू गप बस गं. मी तुझ्यासाठी आले न्हाय." म्हातारी मुलाकडं वळली. "मी ह्यांची लग्नाची बायको. त्या खोल्यांत ते जेवायचे तवा घरात माझं ताट थंड व्हायचं. जळायचं ते मी जळले. लाज वाटायची ती मला वाटायला पायजे होती. मी म्हणते, ही माझ्या नवऱ्याची पोरगी हाय. आता तू सांग. ह्या लोकांपुढं सांग. ही तुझी कोण लागते?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. रामलिंगाकडं बघितलं. मग म्हणाले, "अव्वाची तब्येत बरी न्हाय. सभा तहकूब." आणि जीपमध्ये बसून गेले.

सभा अजून तहकूबच आहे. निवडणूक झाली, तुम्ही निवडून आलात, तुमच्या मिरवणुकीत शांताक्काच्या खोलीवरून गुलाल उडाला. नळदुर्गच्या स्टुडिओत सरकारी कामाचे फोटो येईनात, चाँदपाशा धाब्यावर जाऊन ट्रकवाल्यांचे काढतो. शिवम्मा ओसरीवर बसलेली असते आणि तुम्ही मागच्या दारानं घरात जाता, हेही गावाला ठाऊक आहे.

फाटक कुठं करायचं ते करा. खोल्या पाडायच्या की ठेवायच्या, ते नंतर बघू. तब्येतीचं कारण पुरे झालं. तुमच्या आईनं भरल्या सभेत विचारलंय आणि आम्ही सगळे तिथं होतो. साहेब, शांताक्का तुमची कोण लागते? बोला.